सॉफ्ट मशीनमधला ॲलन होल्ड्सवर्थ: जेमतेम दीड वर्ष आणि ‘बंडल्स’

सरकता सूर:

सॉफ्ट मशीनच्या ‘बंडल्स’ या रेकॉर्डची पहिली बाजू वाजायला साधारण वीस मिनिटं लागतात. त्यातली पहिली नऊ मिनिटं म्हणजे ‘हॅझर्ड प्रोफाइल’चा पहिला भाग. गेला महिनाभर मी त्या नऊ मिनिटांतून बाहेर आलेलो नाही. घरात आता ऐकून घ्यायला कुणी उरलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी नावच ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. सॉफ्ट मशीन हा इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या मित्रमंडळींनी १९६६ साली उभा केलेला बँड. सुरुवात रॉकमध्ये झाली. १९७०च्या ‘थर्ड’ या रेकॉर्डपर्यंत गाडी जॅझकडे वळली आणि मग वळतच गेली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, प्रॉम्स या शास्त्रीय संगीताच्या मोठ्या महोत्सवात त्यांना बोलावलं होतं. एका रॉक बँडसाठी तो केवढा मान होता! पण माणसं टिकेनात. ड्रमर रॉबर्ट वायट १९७१ला बँड सोडून गेला, सॅक्सोफोनवाला एल्टन डीन १९७२ला, बासवाला ह्यू हॉपर १९७३ला. १९७३च्या अखेरीस पहिल्या दिवसापासूनचा एकच माणूस शिल्लक होता, ऑर्गनवर बसणारा माइक रॅटलेज. बाकीचे तिघे, म्हणजे कार्ल जेन्किन्स, बासवर रॉय बॅबिंग्टन आणि ड्रम्सवर जॉन मार्शल, हे ट्रंपेटवादक इयन कारच्या ‘न्यूक्लियस’ बँडमधून आलेले.

त्या सुमारास या चौघांत गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थ येऊन मिळाला. वय २७. तोही १९७२ साली इयन कारच्या ‘बेलाडोना’वर वाजवून आलेला आणि त्या रेकॉर्डवर बॅबिंग्टनही होता. म्हणजे घर नवं, पण घरातली माणसं ओळखीची.

आता यात एक गोष्ट लक्षात घ्या. सॉफ्ट मशीनमध्ये पाच वर्षं गिटारवादकच नव्हता. सुरुवातीला डेव्हिड ॲलन होता. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १९६७मध्ये फ्रान्सचा दौरा करून परतताना त्याला ब्रिटनमध्ये प्रवेश नाकारला गेला आणि तो सुटलाच. १९६८मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात थोडे दिवस अँडी समर्स होता, पुढे ‘पोलीस’ या बँडमध्ये गेला तोच. त्यानंतर थेट होल्ड्सवर्थ. ‘थर्ड’पासून ‘सेव्हन’पर्यंतच्या रेकॉर्डी लावा, गिटारची जागा सॅक्सोफोननं आणि ऑर्गननं घेतलेली दिसेल.

आणि या माणसाला लहानपणी वाजवायचा होता सॅक्सोफोनच! गिटार हातात आली ती सतराव्या वर्षी. आयुष्यभर तो सांगत आला की आपल्याला फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा आवाज हवा होता, सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनसारखा, एका श्वासात लांबवर जाणारा. ज्या बँडमध्ये सॅक्सोफोनची खुर्ची रिकामी झाली होती, तिथं असा माणूस गिटार घेऊन येऊन बसला. मला हा योग फार मोठा वाटतो.

पण माझं मुख्य म्हणणं वेगळंच आहे. होल्ड्सवर्थच्या स्वतःच्या रेकॉर्डी मला प्रिय आहेत, ‘मेटल फटीग’ तर पाठ आहे. तिथं खालचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, सतत सरकत असतात, वर तोही सरकत असतो आणि ऐकणाऱ्याला पाय टेकायला जागा मिळत नाही. ‘हॅझर्ड प्रोफाइल’मध्ये ती मिळते. जेन्किन्सनं एक जाडजूड रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा, आखून दिलाय. तोही ताजा नाही, त्यानं न्यूक्लियससाठी लिहिलेल्या ‘साँग फॉर द बिअर्डेड लेडी’मधलाच उचललेला. तबल्याच्या सोलोला सारंगीवाला किंवा पेटीवाला जसा लहरा धरतो, तसा इथं बँड रिफ धरून बसतो. लहरा स्थिर असतो म्हणूनच तबलजी किती लांब जाऊन आला ते आपल्याला कळतं. होल्ड्सवर्थ किती लांब जातो ते मला सगळ्यात स्पष्ट इथंच कळलं. दुसऱ्याच्या बांधलेल्या घरात तो जास्त मोकळा वाटतो मला. तुमचं काय मत?

कोकणवारा:

मला गिटारमधलं काही कळत नाही, भजनात टाळ वाजवतो एवढंच. धागा वाचून ऐकलं. एक प्रश्न आहे. एवढं भराभर वाजवणारे बाकीचे लोक ऐकले की थोड्या वेळानं कानाला टोचायला लागतं. हा माणूस त्यांच्याहून जलद आहे, पण टोचत नाही. असं का?

मिरजेची तार:

कोकणवारा, अगदी मुळावर बोट ठेवलंत. मी सतार शिकते, त्यामुळे माझ्या वाद्यावरून सांगते.

सतारीवर उजव्या हाताच्या मिजराबीनं आघात केला की ‘दा’ वाजतो. प्रत्येक सुराला वेगळा आघात केला तर प्रत्येक सुराला टोक येतं. जलद वाजवताना ही टोकं एकामागून एक कानात घुसतात, तुम्ही टोचणं म्हणताय ते हेच. पण आमच्याकडे कृंतन असतं. एकच आघात करायचा आणि पुढचे दोन-तीन सूर डाव्या हाताच्या बोटांनीच काढायचे, कधी बोट पडद्यावर आपटून, कधी उचलून. त्या सुरांना टोक नसतं, ते एकातून एक पाझरतात. जमजमाही याच जातीचा.

होल्ड्सवर्थ बहुतेक सगळं असंच वाजवतो. गिटारवाले त्याला लेगाटो म्हणतात. माँट्रोच्या महोत्सवातला ४ जुलै १९७४चा कार्यक्रम आता चित्रफितीसकट उपलब्ध आहे, ‘स्वित्झर्लंड १९७४’ नावानं २०१५ साली निघाला. तो वेग अर्धा करून बघा. उजवा हात जवळजवळ स्वस्थ असतो. डावा पंजा मात्र असा पसरलेला, की माझी बोटं नुसतं बघून दुखली. करंगळी आणि तर्जनी यांच्यात एवढं अंतर, की एका तारेवर चार-चार सूर हात न हलवता येतात.

आमच्या कृंतनात आणि त्याच्या वाजवण्यात मला दोन फरक दिसले. सतारीवर आघातानंतरचे सूर हळूहळू क्षीण होत जातात, त्यामुळे कृंतन लांबवता येत नाही. त्याच्याकडे ॲम्प्लिफायर आहे. आवाज इतका तापवलेला, की बोटानं नुसत्या दाबलेल्या सुरालाही आघाताच्या सुराएवढंच वजन येतं. मग तान कितीही लांब जाऊ शकते. दुसरा फरक बोट उचलण्यातला. बरेच गिटारवादक बोट उचलताना तार जराशी बाजूला ओढतात, त्यानं सूर पुन्हा छेडल्यासारखा होतो. त्याला तो ओढलेला आवाज नको असायचा. बोट सरळ खाली आणि सरळ वर. म्हणून त्याचे सूर मोती ओवल्यासारखे सारखे येतात.

गळ्यातून येणाऱ्या आकारातल्या तानेच्या इतक्या जवळ गेलेली गिटार मी तरी दुसरी ऐकली नाही.

लीड्सकर:

उत्तम धागा. मी होल्ड्सवर्थच्या गावाच्या शेजारी राहतो म्हणून थोडी भर घालतो. तो ब्रॅडफर्डचा, जन्म ६ ऑगस्ट १९४६. लीड्सहून लोकल ट्रेननं वीस-पंचवीस मिनिटांवर. एकेकाळी लोकरीच्या गिरण्यांचं गाव. गिरण्या बंद झाल्या, पण दगडी इमारती आणि उंच चिमण्या अजून उभ्या आहेत. गिरणगावात लहानाचा मोठा झालेल्या मला तिथं पहिल्यांदा गेल्यावर गलबलून आलं होतं.

ॲलनला आजी-आजोबांनी वाढवलं. आजोबा सॅम पियानो वाजवायचे, जॅझ वाजवायचे, आणि त्यांच्याकडूनच त्याला स्वरांचं शिक्षण मिळालं. त्यामुळे गिटारचे ठरावीक साचे त्याच्या हातात बसलेच नाहीत. कॉर्ड लावतानाही तो पियानोवाल्यासारखा विचार करायचा.

आणखी एक गंमत म्हणजे गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिनही याच यॉर्कशरचा, डॉनकॅस्टरकडचा, १९४२चा जन्म. ब्रॅडफर्डपासून फार तर साठ-सत्तर किलोमीटर. आपल्या झाकीरभाईंबरोबर ‘शक्ती’त वाजवलेला मॅक्लॉफलिन आणि हा, दोघे एका परगण्यातले. आणि वाजवणं बघा, दोन टोकं! मॅक्लॉफलिन प्रत्येक सूर पिकनं, म्हणजे हातातल्या छोट्या पातीनं छेडतो, सरोदियासारखा, त्याच्या टोकांतच त्याची ताकद आहे. होल्ड्सवर्थनं टोकंच काढून टाकली.

जुनी तबकडी:

सरकता सूर, मनापासून लिहिलंय तुम्ही, म्हणून मनापासूनच विरोध करतो.

मी ‘थर्ड’ पहिल्यांदा ऐकली तेव्हा कॉलेजात होतो. एका मित्राचा भाऊ जहाजावर नोकरीला होता, त्यानं आणलेली. चार बाजू, चार रचना. वायटचं ‘मून इन जून’ ऐकून रात्री झोप लागली नव्हती. तो बँड कुठं जाईल याचा पत्ता कुणालाच नसायचा, त्यांना स्वतःलाही नसावा. ‘बंडल्स’ हातात आली तेव्हा मला वाटलं, हा दुसराच बँड आहे, नाव तेवढं जुनं. सगळं आखलेलं आणि घासूनपुसून ठेवलेलं. रिफ, सोलो, रिफ. गिटारवादक थोर आहे यात वाद नाही. पण जो बँड गिटारशिवाय स्वतःचा आवाज शोधून बसला होता, तो शेवटी गिटार-हीरोच्या मागे उभा राहिला याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमची लहऱ्याची उपमा चपखल आहे. पण लहरा धरणाऱ्याचं स्वतःचं गाणं त्या वेळी थांबलेलं असतं, हेही त्यात आलंच ना? रॅटलेजसारखा माणूस रिफ धरून बसलाय हे मला बघवत नाही.

सरकता सूर:

काका, तुमचा मुद्दा मला पूर्ण खोडता येणार नाही. रॅटलेजची ‘बंडल्स’वर दोनच छोटी गाणी आहेत, ‘द मॅन हू वेव्ह्ड ॲट ट्रेन्स’ आणि ‘पेफ’, दोन्ही मिळून चार मिनिटंही नाहीत. आणि १९७६ला तो निघूनच गेला. नाव जुनं आणि बँड नवा, हे खरंच आहे.

तरीही एक सांगतो, बघा पटतंय का. जुन्या सॉफ्ट मशीनचा सगळ्यात ओळखीचा आवाज कोणता? रॅटलेजचा लाउरी ऑर्गन, फझमधून, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या यंत्रातून जाणारा. त्या जोडणीत अशी अडचण होती की क्षणभर सगळी बोटं उचलली तर फीडबॅकची किंकाळी निघायची. म्हणून तो थांबायचाच नाही, सूर तुटू न देता वाजवत राहायचा. त्या अडचणीतून त्याची शैली घडली. अखंड, जाड, जरासा खरखरीत, एका श्वासातला सूर. आता तो आवाज आठवून होल्ड्सवर्थ ऐका. तीच अखंड रेषा आहे. बाहेरचा माणूस आला खरा, पण या बँडच्या कानाला अशा रेषेची सवय आठ वर्षं होती. मला तरी तो परका वाटत नाही.

ताई, तुमच्या कृंतनाबद्दल वाचून काल रात्री गिटार काढली. चौथ्या बोटाला घट्टा पडलेला नाही हे तेव्हा कळलं. पाच मिनिटांत तार कातडीत रुतली. त्याच्या पद्धतीत करंगळीला तर्जनीएवढंच काम आहे आणि आपण सगळे तीन बोटांवर आयुष्य काढतो.

ठेका:

उशिरा आलो. तबला शिकलोय, ड्रम्सही वाजवतो, तेव्हा लहऱ्याबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे.

उपमा अर्धी बरोबर आहे. लहरा धरणारा हलत नाही. इथं बॅबिंग्टन आणि जेन्किन्स हलत नाहीत हे खरं, पण जॉन मार्शल ऐका. तो ठेका धरून बसलेला नाही, तो होल्ड्सवर्थशी बोलतोय. गिटारची तान वर चढायला लागली की त्याचे झांजेवरचे हात दाट होतात, तान मोकळी पडली की तोही जागा सोडतो. चांगला तबलजी ख्यालाला साथ करताना गायकाचा अंदाज घेतो तसं. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी चालल्यात, खाली लहरा आणि शेजारी साथसंगत. नऊ मिनिटं एकाच रिफवर असूनही कंटाळा न येण्याचं कारण मला मार्शल वाटतो.

आणि रेकॉर्डवर थांबू नका. ‘बंडल्स’ १९७४च्या जुलैत लंडनला स्टुडिओत झाली, बाजारात आली मार्च १९७५ला. त्याच्या दोनच महिने आधी, २९ जानेवारीला जर्मनीत ब्रेमेनच्या रेडिओसाठी त्यांनी वाजवलं, ते ‘फ्लोटिंग वर्ल्ड लाइव्ह’ म्हणून २००६ला निघालं. सहा महिने ती गाणी रस्त्यावर वाजवून सगळ्यांच्या अंगात मुरलेली आहेत. होल्ड्सवर्थ तिथं व्हायोलिनही वाजवतो. काका, तुम्ही ते ऐका. आखलेपणाची तुमची तक्रार तिथं पुष्कळ कमी होईल असं मला वाटतं.

कोकणवारा:

मग इतकं जमून आलेलं असताना तो गेला का?

लीड्सकर:

टोनी विल्यम्सनं बोलावलं म्हणून. सतराव्या वर्षी ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर वाजवायला लागलेला ड्रमर. त्याच्या ‘लाइफटाइम’ या बँडमध्ये १९६९ला गिटारवर होता मॅक्लॉफलिन. १९७५ला त्यानं बँड नव्यानं बांधला आणि त्या जागेवर होल्ड्सवर्थ गेला. ‘बंडल्स’ दुकानात येत होती त्याच सुमारास तो इंग्लंड सोडून निघाला. जॅझ ऐकत वाढलेल्या ब्रॅडफर्डच्या मुलाला असं बोलावणं आलं, तर नाही म्हणणं शक्य तरी आहे का?

सॉफ्ट मशीनला त्यानं वाऱ्यावर सोडलं नाही. गिटारवादक जॉन एथरिजचं नाव त्यानंच सुचवलं, आणि १९७६च्या ‘सॉफ्ट्स’ या रेकॉर्डवर एथरिजच आहे.

सरकता सूर:

पुढचा प्रवास मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वेगळा धागा व्हायला हवा. लाइफटाइममध्ये दोन रेकॉर्डी, मग ‘गाँग’ बँड, ड्रमर बिल ब्रूफर्ड, ‘यूके’ बँड. कुठंही दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त टिकला नाही. नंतर स्वतःचा बँड, कॅलिफोर्निया, आणि गिटारवादक एडी व्हॅन हेलननं शब्द टाकला म्हणून मोठ्या कंपनीत निघालेली ‘रोड गेम्स’. पैसा मात्र कधीच आला नाही. १५ एप्रिल २०१७ला तो गेला तेव्हा घरच्यांना अंत्यसंस्कारासाठी चाहत्यांकडे मदत मागावी लागली. मागितले होते वीस हजार डॉलर, जमले लाखाच्या वर. हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात होतो, उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

आणि हा माणूस स्वतःच्या वाजवण्यावर कधीच खूश नसायचा. आपण ज्या सोलोंवर जीव टाकतो त्यांत त्याला फक्त चुका ऐकू यायच्या.

मिरजेची तार:

हे वाचून आता पुन्हा ऐकताना मला त्या तानांमधली घाई वेगळी वाटायला लागली. लोकांना थक्क करायची घाई नाही ती. जो सूर हवा होता तो अजून मिळाला नाही म्हणून तो पुढे सरकतो, पुन्हा पुढे. आमच्या गुरुजींकडे रियाझाला बसले की हे रोज अनुभवते, फक्त माझा वेग त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा.

जुनी तबकडी:

ठेका, तुमच्या सांगण्यावरून ब्रेमेनचं ऐकलं. दोनदा ऐकलं. आखलेपणाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. बँड बदलला याचं दुःख तसंच आहे, ते आता या वयात जायचं नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हा कुणाच्या बोलण्यात आली नाही. २००२च्या सुमारास एल्टन डीन, ह्यू हॉपर आणि जॉन मार्शल या जुन्या मंडळींनी ‘सॉफ्ट वर्क्स’ नावानं पुन्हा मोट बांधली. गिटारवर कोण? होल्ड्सवर्थ. डीन आणि हॉपर सॉफ्ट मशीन सोडून गेल्यावर तो आला होता, त्यामुळे त्या बँडमध्ये त्यांची गाठ पडलीच नव्हती. ती तीस वर्षांनी पडली. ‘ॲब्राकॅडॅब्रा’ नावाची एकच रेकॉर्ड, २००३ची. सॅक्सोफोन आणि तो, शेजारी शेजारी. डीन २००६ला गेला, हॉपर २००९ला, होल्ड्सवर्थ २०१७ला, मार्शल २०२३ला. आता ती रेकॉर्ड लावली की चौघांपैकी कुणीच नाही हे ध्यानात येतं आणि मी आवाज थोडा वाढवतो.

सरकता सूर:

काका, ही मी ऐकलेलीच नाही. आज रात्री ऐकतो.

कोकणवारा:

मी अजून ‘बंडल्स’वरच आहे. हळूहळू चाललोय. पहिल्या बाजूच्या शेवटी ‘गॉन सेलिंग’ म्हणून एक तुकडा आहे, तोही त्यानंच रचलेला ना? नुसती साधी गिटार, ना ड्रम ना काही. एक मिनिटही नाही पुरतं. एवढा गदारोळ संपल्यावर ते आलं आणि मला वाटलं गाणं आता सुरू होतंय, तोवर संपलंसुद्धा. मागे नेऊन परत लावलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, हे चांगलं आहे, हे राहू दे. तिला सांगितलं, एवढंच आहे गं.